मनातले दहा किलो

वजनाच्या बाबतीत माणसं वयापेक्षाही जास्त खोटं बोलतात, हे तलावाकाठच्या त्या शेडमध्ये सगळ्यांत आधी शिकावं लागतं. शिडाचा बोर्ड, म्हणजे शीड धरून उभ्याने पाण्यावर पळवायची फळी, भाड्याने द्यायचा तर माणसाचं वजन माहीत हवं. बोर्ड लहान पडला तर तो माणसाला तोलत नाही, त्याच्यासकट खाली जातो. म्हणून वहिनी वजन विचारायची, समोरचा सांगेल त्यावर मान डोलवायची आणि मनातल्या मनात दहा किलो वाढवून बोर्ड काढायची. हे तिला नवऱ्यानेच शिकवलं होतं. गिऱ्हाइकाची अब्रूही राहते आणि गिऱ्हाईकही पाण्यावर राहतं, असं तो म्हणायचा.

शेड ते दोघं मिळून चालवत. येणारेजाणारे सगळेच तिला वहिनी म्हणत. त्या आठवड्यात नवऱ्याची थोरली बहीण सुट्टीला आली होती. ताईने तरुणपणी स्पर्धा गाजवल्या होत्या, भावालाही पहिल्यांदा बोर्डवर तिनेच उभं केलं होतं. त्यामुळे शेडमधली एकही गोष्ट तिच्या पसंतीला उतरेना. शिडं अशी गुंडाळतात का? दोर ओले ठेवतात का? हे कोणी शिकवलं तुला? "हो ताई", "बरं ताई" करून वहिनीची जीभ दुखायला लागली होती.

दुपारी एक जोडपं आलं. दोघंही नवशिके. वहिनी त्यांना समजावत होती.

"वारा मंद असला की शीड मोठं घ्यायचं, म्हणजे जो काही वारा आहे तो सापडतो. बोर्ड रुंद घ्यायचा, त्यावर जरा चुळबुळ केली तरी उलटत नाही. वारा जोराचा असला की सगळं उलट. शीड लहान, नाहीतर ते हातातून निसटतं. बोर्डही लहान, म्हणजे वेगात ताब्यात राहतो. पण लहान बोर्डाची एक खोड आहे. वेग आहे तोवरच तो—"

"पाठ चांगलं केलंय हिने," मागून ताई म्हणाली. "वारा जोराचा असतो तेव्हा ही कुठे असते, ते विचारा. इथेच, शेडमध्ये."

जोडपं हसलं. नवराही हसला, आणि तेच वहिनीला जास्त लागलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

"आज मीच जाते," ताई म्हणाली. "काढ गं बोर्ड."

"वजन किती, ताई?" वहिनीने विचारलं. मोठ्याने, जोडप्याला ऐकू जाईल असं.

ताई जराशी अडखळली. "साठ."

साठ! अर्ध्या तासापूर्वी ताईच्या रबरी सूटची चेन वर ओढायला वहिनीच गुडघा टेकून झटत होती. पंचाहत्तरच्या खाली ते वजन असणं शक्यच नव्हतं. पण वहिनी "बरं" म्हणाली आणि साठ किलोच्या माणसाचा बोर्ड काढून दिला. शीडही त्याच बेताचं, लहान. मनातले दहा किलो तिने मनातच ठेवले. एकदा जिरू दे, तिला वाटलं. काठाशी दोनदा धपकन पडेल, चार माणसं बघतील, संपलं.

पण ताई काठाशी पडलीच नाही. वाऱ्याचा मोठा झोत आला, तिने शीड अंगाशी ओढलं आणि ती सुसाट निघाली. काय दिसत होती! जोडप्याने टाळ्या वाजवल्या. वहिनीही मनातलं सगळं विसरून बघत राहिली.

तलावाच्या मध्यावर वारा पडला. शीड पाण्यावर आडवं झालं. ते ओढून उभं करायला ताई बोर्डवर चढली, तर बोर्ड गुडघाभर पाण्याखाली. तोल गेला, पडली. पुन्हा चढली, पुन्हा पडली. काठावरून ते मजेशीर दिसत होतं. जोडपं हसलं, आणि वहिनीलाही हसू आलं. खोटं कशाला बोलायचं, तिला बरं वाटलं.

मग ताई चढायची थांबली. नुसता एक हात बोर्डवर दिसत होता.

नवरा मोटरबोटीकडे धावला. इंजिनाची दोरी दोन-तीनदा ओढावी लागली, तेवढ्यात वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. पाणी गार होतं, आणि ते किती गार होतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

ताईला आणलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते, बोटं वळत नव्हती. वहिनीने सूट सोडवला, टॉवेल खांद्यांवर टाकला, पाठ चोळली. नवऱ्याने बोर्ड वर ओढला आणि त्यावरचा वजनाचा आकडा वाचला.

"हा दिलास तू ताईला? हा?"

वहिनीची मान वर होईना.

"तिला काही बोलू नकोस हं," ताईच म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मीच साठ सांगितलं. चारचौघांत लाज वाटली रे मला. मी सांगितलं तेच तिने दिलं, तिचा काय दोष? तिचं काम चोख आहे. आल्यापासून बघतेय मी, फक्त बोलले नाही."

नवऱ्याने वहिनीकडे पाहिलं. त्या दहा किलोंचं गुपित त्या दोघांनाच ठाऊक होतं. ती गप्प बसली असती तर तोही गप्प बसला असता, हे तिला कळलं, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं तिला झालं.

"मला दिसलं होतं, ताई," ती म्हणाली.

"काय दिसलं होतं?"

"साठ नाही ते. चेन मीच लावली ना तुमची. तुम्ही पडावं म्हणून लहान बोर्ड दिला. सगळ्यांसमोर पडावं म्हणून."

जोडपं उगाचच तलावाकडे बघायला लागलं. ताई ओरडेल, एक ठेवून देईल, असं वहिनीला वाटलं. तसं झालं असतं तर तिला सोसलं असतं.

ताईने खांद्यांवरचा टॉवेल हळूच ओढून काढला आणि पोटाभोवती गुंडाळून घेतला. तिचे उघडे खांदे अजून थरथरत होते.