चौतिसावा आठवडा

गौतमीच्या वहीत तीन रकाने होते: बावीस, अठ्ठावीस, चौतीस. हे गर्भाच्या वयाचे आठवडे. पहिले दोन रकाने भरगच्च होते. तिसरा मात्र वैशाखातल्या ओढ्यासारखा कोरडा. मुळशीतल्या अठरा गर्भवतींनी पुण्यातल्या एमआरआयच्या चुंबकीय यंत्रात निजून पोटातल्या बाळाच्या मेंदूची चित्रे काढू दिली होती. सातवा महिना लागला, आणि त्यांतल्या सतरा जणी आपापल्या माहेरी निघून गेल्या. पहिले बाळंतपण माहेरी. मेंदूवर घडी कुठे पडेल याचे समीकरण संशोधनाच्या आराखड्यात होते. माहेरासाठी एकही चिन्ह नव्हते. आराखडा आखणारी गौतमी स्वतः जवळच्याच सूस गावची, तरी तिला हे सुचले नव्हते.

उरली होती ती रिहे गावची पिंकी. आज तिचे डोहाळजेवण होते, आणि जेवण उरकताच ती कोळवणला, आईकडे, निघणार होती.

फुलांच्या दागिन्यांत नटलेल्या पिंकीला सोडून बायकांचे डोळे गौतमीच्या लॅपटॉपवर खिळले होते.

"म्याडम, तुमी तर आत बघितलंय. पोरगा का पोरगी?"

"मी फक्त घड्या बघते, मावशी. आणि ते सांगायला कायद्याने बंदी आहे."

"कसल्या घड्या? लुगड्याच्या?"

गौतमीने चित्रे दाखवली. बाविसाव्या आठवड्यातला मेंदू मुळा नदीच्या पात्रातल्या गोट्यासारखा गुळगुळीत होता. अठ्ठाविसाव्यातल्या मेंदूवर काही खोल रेघा उमटल्या होत्या, जणू एखाद्या विचाराने कोऱ्या कागदावर नुकताच हात टेकला होता.

"वरचा थर आतल्यापेक्षा भराभर वाढतो," ती म्हणाली. "त्याला पसरायला जागा पुरत नाही. मग तो दुमडतो."

पिंकीच्या सासूबाई, रंभाबाई, तरातरा आत गेल्या आणि तांदळाच्या डब्यात दडवलेली चिमुकली कुंची घेऊन आल्या. तिच्या काठाला लाल झालर होती.

"असंच ना? कापड हातभर, काठ वीतभर. दोरा ओढला की पडल्याच चुण्या."

"अगदी असंच, काकू!" दोन वर्षे गौतमी जे शोधनिबंधांत मांडू पाहत होती, ते लाल सुती कापडात तिच्या तळहातावर येऊन विसावले होते.

"बाळाच्या आधीच कुंची शिवलीत व्हय, ईनबाई?" पिंकीची आई धोंडाबाई हनुवटीला बोट लावून म्हणाली. "शिवू न्हाई म्हणत्यात."

"शिवली कुटं? नुसती बेतून बघितली." कुंची पदराखाली गेली.

गौतमीने संधी साधली. "पिंकीच्या बाळाच्या पहिल्या चित्रावरून आम्ही जेलचा, म्हणजे खरवसासारख्या लिबलिबीत पदार्थाचा, मेंदू घडवलाय. द्रवात बुडवला की त्याचा वरचा थर फुगतो आणि घड्या पडतात. खऱ्या बाळाच्या घड्या त्याच जागी पडतात का, हे तिसऱ्या चित्राशिवाय कळणार नाही. सहा आठवड्यांनी, डॉक्टर हो म्हणाले तर, पिंकीला एक दिवस पाठवाल? नाहीतर माझी दोन वर्षं अर्ध्यावरच राहतील."

"आता पोर ईनबाईंच्या हवाली," रंभाबाई म्हणाल्या. "त्यांनी ठरवायचं."

"अगं बया! सून तुमची. तुमच्या शब्दाबाहेर आमी कशा जाऊ?"

"लेक तुमची हाय की."

"घराणं तुमचं."

नकार कोणीच देत नव्हते आणि होकारही कोणाच्या तोंडून निघत नव्हता. दोघींच्या त्या अथांग सौजन्यात गौतमीचा रकाना गटांगळ्या खात होता.

एवढ्यात पिंकीपुढे दोन झाकलेल्या वाट्या आल्या. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. साऱ्या माना पुढे झुकल्या. पिंकीने हाताची घडी घातली.

"मी वाटी उचलत न्हाई."

"का गं?"

"आदी तुमचं दोघींचं ठरू द्या. पेढा का बर्फी बघायला समद्या जमल्यात, आन् माझ्या बाळाचं डोस्कं कुणालाच बघायचं न्हाई? मला बघायचंय."

"माहेरी गेलेली बाळ घेतल्याबिगर उंबऱ्यात येत न्हाई, पिंके," रंभाबाई म्हणाल्या.

"यंत्राला उंबरा कुटं हाय? आन् आत्या, बाळाआदी कुंची शिवलेली चालती ती?" पिंकीने सासूला विचारले.

आधी धोंडाबाई हसली, मग सगळ्याच हसल्या. रंभाबाईंनी रागावून पाहिले, पण तो राग ओठांवर फार वेळ टिकला नाही.

"बरं, मी आणते तिला," धोंडाबाई म्हणाली.

"आन् मी? माझ्या नातवंडाचं डोकं तुमी एकट्याच बघणार व्हय? मी पौडच्या स्टँडवर गाडीत चढते."

पिंकीने वाटी उचलली. गलका उसळला. खाली पेढा होता की बर्फी, हे गौतमीने पाहिलेच नाही. ती तिसऱ्या रकान्यात तारीख लिहीत होती.

ठरल्या दिवशी यंत्र धडधडले आणि बाळ आत मनसोक्त नाचले. दोन चित्रे पुसट आली. तिसरे लख्ख. गौतमीने पडद्यावर एका बाजूला जेलचा मेंदू ठेवला, दुसऱ्या बाजूला बाळाचा, आणि एकेका घडीवरून बोट फिरवत गेली. जेल जिथे सपाट राहिला होता, नेमकी तिथे बाळाच्या मेंदूवर एक नाजूक वळण उमटले होते.

"चुकलं," ती पुटपुटली, आणि तिचा चेहरा उजळला.

"चुकलं म्हणता, मग हसता कशापायी?" रंभाबाईंनी विचारले.

"जेलला जमलं नाही, ते तुमच्या नातवंडाने केलं. का केलं, ते आता शोधायचं."

पिंकी पडद्याला नाक लावून एकेक घडी मोजत होती आणि मोजता मोजता चुकत होती. रंभाबाईंनी पिशवीतून कुंची काढून मांडीवर पसरली. एकदा पडद्याकडे पाहिले, एकदा झालरीकडे.

"ह्याच्यापुढं आपली झालर लई सपाट झाली हो, ईनबाई."

"उसवा," धोंडाबाई म्हणाली. "कापड माझ्याकडं हाय."

रंभाबाईंनी दाताने दोरा तोडला. झालरीचे दुसरे टोक धोंडाबाईने धरले.