नऊ गाण्यांची वाट

सिद्धगडाच्या कुशीतल्या त्या पाड्यावर अंतर गाण्यांत मोजतात. आजारी माणूस डोलीत घातलं की खांदेकरी गाऊ लागतात. गाणं सरलं की खांदा बदलायचा. मुरबाडच्या गाडीरस्त्यापर्यंत तीन गाणी. नेमून दिलेल्या आरोग्य केंद्रापर्यंत, डोंगराला वळसा घालून, नऊ.

सरकारी विम्याचा नियम असा, की आधी त्या केंद्राची चिठ्ठी, मगच मुरबाडच्या दवाखान्याला पैसे. गेल्या साली धोंडीबाईची थोरली सून मैना अडली, तिला चिठ्ठीसाठी वळशानं नेली. सातव्या गाण्यात पोर पोटातच गेलं. आता धाकटी सून सावळी सात महिन्यांची गरोदर होती.

नियम नव्यानं लिहायचाय, हरकत असेल त्यानं सांगावी, असं कळलं तशी धोंडीबाई तालुक्याच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. मुंबईहून आरोग्य खात्याच्या चंद्रकला मॅडम हरकती ऐकायला आल्या होत्या.

“केंद्र किती लांब आहे, आजी?”

“नऊ गाणी, बाय.”

कारकून हसला. “इथं आकडा लागतो, आजी.”

“मंग घड्याल लाव. मी गातंय, तू मोज. बस नीट, लांब जायचंय.”

मॅडमनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. धोंडीबाईनं डोळे मिटले. चढाला सूर दमत होता, ओढ्यात जपून पाय टाकत होता. दारात माणसं गोळा झाली. सातव्या गाण्यात ती गप्प झाली.

“विसरलात का?” मॅडमनी हळूच विचारलं.

“नाय. हितं डोली खाली ठेवली व्हती.”

मग ती पुढं गाऊ लागली. कारकुनानं तो थांबाही लिहिला. नववं गाणं सरलं तेव्हा सव्वादोन तास भरले.

महिन्याभरानं अंगणवाडीच्या मीनाबाईंनी छापील नियम वाचला: जिथून केंद्रापर्यंत डोलीनं तासाहून अधिक लागतो, तिथल्या रुग्णाला चिठ्ठीची अट नाही, दवाखान्याला पैसे मिळतील.

“डोली लिवलंय?”

“लिवलंय गो. हे बघ.”

त्या काळ्या अक्षरांवर धोंडीबाईनं बोट टेकलं, देवाच्या पायांवर टेकावं तसं. मंत्रालय तिनं कधी पाहिलं नव्हतं. एवढं थोरलं सरकार, आणि आपल्या पायवाटेनं अनवाणी चालून गेलं!

सावळीच्या कळा पहाटे सुरू झाल्या. फाट्यावर खांदेकऱ्यांचे पाय सवयीनं वळशाकडे वळले.

“सरळ रे,” धोंडीबाई म्हणाली, “सरळ चला.”

तीन गाणी सरली, गाडीरस्त्यावर गाडी मिळाली, नि उन्हं अंगणात यायच्या आत मुरबाडच्या दवाखान्यानं सावळीला आत घेतली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. थोड्या वेळानं आतून रडणं ऐकू आलं, बारीक, पण खणखणीत.