डीजे कुठं दडवलाय

रमीज चिखलीतल्या आपल्या गाळ्यात हेडफोन लावून लॅपटॉपवर नवा ट्रॅक जुळवत बसला होता, तेवढ्यात शेजारच्या पत्राकामाच्या प्रेस-शॉपचे मालक रंगराव शटर वर ढकलून आत आले.

"तुजा डीजे बंद कर. समोरच्या सोसायटीची तक्रार हाय, दिसभर धाडधाड चाललीया म्हणून."

रमीजच्या मस्तकात तिडीक गेली. चाकणच्या रिकाम्या गोदामांत त्याचं ठोक्यांचं टेक्नो संगीत ऐकायला बंगळुरूहून पोरं येत होती, आणि चिखलीत कुठंही आवाज झाला की बोट त्याच्याकडेच. इथं डीजे म्हणजे माणूस नव्हताच. वरातीपुढं टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत, तो डीजे.

रंगराव टेबलाखाली वाकले, मग त्यांनी मागचा पडदा सारून पाहिला. "कुठं दडवलाय डीजे?"

"तुमच्यासमोर बसलाय, काका. आणि त्याचा आवाज त्याच्या कानाबाहेर जात नाही."

"मग ही धाडधाड कशाची?"

रमीजनं त्यांचा हात धरून मधल्या भिंतीवर टेकवला. भिंत थरथरत होती. पलीकडं रंगरावांचीच प्रेस पत्रा कापत होती.

रंगरावांनी हात काढून घेतला. "त्यो आवाज न्हाई. ते काम हाय."

याच भिंतीला माइक लावून रमीजनं तो ठोका रेकॉर्ड केला होता, आणि त्याच ठोक्यावर त्याचं नाव झालं होतं. त्यानं तोच ट्रॅक लावला आणि हेडफोन काढून रंगरावांच्या कानांवर चढवला.

क्षणभर ऐकून रंगरावांनी तोंड वाकडं केलं.

"ह्योच त्यो आवाज," ते म्हणाले. "बंद कर."