सेठजींनी मासा खाल्ला

दसरा उलटला आणि केदारखेड्यापलीकडच्या खडकपाट तलावावर माणसांची झुंबड उडाली. पाखरं तिथं दरसाल येतात. बदकं येतात, करकोचे येतात, पार लडाख-तिबेटाकडून पांढरे कुरव, म्हणजे सीगल, येतात. त्यांच्यासाठी तलाव राखीव केलाय, काठावर लोखंडी मनोरा उभारलाय आणि 'पक्ष्यांना खाऊ घालू नये' अशी पाटीही ठोकलीय. यंदा मात्र ती पाटी कुणाला दिसत नव्हती, कारण तिच्यावर हंसेश्वर महाराजांचा फोटो टांगला होता.

महाराजांचं बोलणं मोठं गोड. "माउली, पितृपक्षात कावळा तुमचं गाऱ्हाणं घेऊन वर जातो. उत्तर घेऊन हे पांढरे दूत खाली येतात. कावळा काय, गावातलाच. हे थेट हिमालय ओलांडून आलेले. महिन्याभरात निकाल हातात. कोणत्या कचेरीत मिळतो एवढ्यात?" लोक माना डोलवायचे. कचेऱ्यांचा अनुभव सगळ्यांनाच होता.

रीत अशी होती. ज्याला पितरांना काही विचारायचं त्यानं थाळीत दहीभाताचा गोळा घेऊन रांगेत राहायचं. महाराजांचा चेला हरिओम रांगेतून फिरायचा, लोकांची विचारपूस करायचा आणि प्रत्येकाच्या थाळीत एक फूल ठेवायचा. ओट्यावर महाराज शंख फुंकायचे आणि गोळा पाण्यात सोडायचे. कुरवांनी झडप घालून तो खाल्ला की त्यांच्या रूपानं पितरच जेवले, म्हणजे होकार. पाखरं फिरकलीच नाहीत तर नकार, आणि मग शांती करून घ्यायची. खोटं कशाला बोला, दृश्य होतंच तसं. शंखासरशी पांढऱ्या पाखरांचा थवा डोक्यावरून यायचा आणि भल्याभल्यांच्या अंगावर काटा उभा राहायचा.

त्या रांगेत एका रविवारी धापूबाई उभी होती. केदारखेड्यातल्या शिवनारायण सेठच्या किराणा दुकानाची मालकीण. सेठजी वारले, दुकान मुलानं सांभाळलं आणि धापूबाईला सांभाळलं नातीनं. मोना तिच्याच खोलीत झोपायची, गोळ्या द्यायची, रात्री पाय चेपता चेपता दिवसभराच्या गप्पा हाणायची. आता त्याच मोनाचा नंबर नागपूरच्या जनावरांच्या डॉक्टरकीला लागला होता. तिचे वडील म्हणाले, दादी हो म्हणत असतील तर जा. दादी म्हणाली, तुझ्या दादाजींना विचारून सांगते. तिनं जन्मात नवऱ्याला विचारल्याशिवाय लोणचं घातलं नव्हतं, मग हे तर केवढं मोठं काम.

दादाजींनी नकार दिला. महाराजांनी शंख दोनदा फुंकला आणि सगळा थवा पाठ फिरवून बांधापलीकडे निघून गेला. गोळा पाण्यात तसाच विरघळला. महाराज डोळे मिटून म्हणाले, पोरीचं पाऊल घराबाहेर पडलं तर पितर उपाशी राहतील. धापूबाईनं पदरानं डोळे पुसले. मोनाचं तोंड एवढंसं झालं. प्रवेशाची मुदत आठ दिवसांनी, पुढच्या सोमवारी संपत होती.

मोना घरी भांडली नाही. ती तडक मदीहा मॅडमकडे गेली. मॅडमनी तिला शाळेत विज्ञान शिकवलं होतं आणि त्या दर हिवाळ्यात मुलांना घेऊन तलावावर पक्षी बघायला जायच्या. मॅडम पुढच्या रविवारी सकाळी घरी आल्या, चहा घेतला, महाराजांबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त म्हणाल्या, "दादी, एकदा दुर्बिणीतून बघा तर खरं. दादाजींचं दर्शन जवळून होईल." एवढ्या मिनतवारीला कोण नाही म्हणेल?

मोनासकट तिघी तलावावर गेल्या. मनोऱ्यावर चढताना धापूबाईचे गुडघे कुरकुरले, पण वर गेल्यावर ती हरखून गेली. लालचुटुक चोच, करडी पाठ, काय रुबाब एकेकाचा! वरून बांधाच्या दोन्ही बाजू दिसत होत्या. अलीकडे ओटा आणि गर्दी, पलीकडे चिटपाखरू नाही. खाली शंख दोनदा वाजला. लगेच हरिओम बांधाला वळसा घालून पलीकडे गेला, झेंडूच्या पाकळ्यांनी झाकलेली बादली उचलली आणि पाण्यात उपडी केली. सगळा थवा तिकडे तुटून पडला.

"हे काय खाऊन राह्यलेत?" धापूबाईनं विचारलं.

"मासळीचे तुकडे, दादी. त्यांचं आवडतं खाणं आहे ते."

धापूबाईनं दुर्बीण खाली घेतली, काच पदरानं पुसली आणि पुन्हा लावली. कुरवाच्या चोचीतून माशाचं शेपूट बाहेर लोंबत होतं. ज्या माणसाच्या ताटाला उभ्या जन्मात कांदा शिवला नाही, जो टोपलीत मासळी दिसली म्हणून भोकरदनच्या बसमधून उतरून उन्हातान्हात पायी घरी आला, तो मासा गिळून राह्यला?

"हे आमचे सेठजी न्हाईत," ती म्हणाली. "बिलकुल न्हाईत."

मग मॅडमनी आठवडाभर मनोऱ्यावरून टिपलेलं बाकीचं समजावलं. रोज सकाळी गर्दी जमायच्या आत हरिओम शंख वाजवून शेव टाकतो, म्हणून पाखरांना शंख म्हणजे जेवणाची हाक वाटते. एकदा शंख वाजला की ती ओट्यावर येतात. दोनदा वाजला की बादली उपडी होते, आणि मासळी सोडून भाताकडे कोण येतंय? कुणाला कोणतं उत्तर द्यायचं ते हरिओम रांगेतल्या गप्पांतून काढतो. होकार असेल तर थाळीत झेंडू, नकार असेल तर शेवंती.

धापूबाई खाली उतरली, चांगला हातभर घुंगट ओढला आणि थाळी घेऊन रांगेत उभी राहिली. घुंगटात गेल्या रविवारचं तोंड हरिओमला कुठून ओळखू येणार? या वेळी ती रडली नाही. नात शिकायला चाललीय, मोठा आनंद हाय, बस आजोबांचा आशीर्वाद पाहिजे, असं हसत सांगितलं. थाळीत झेंडू पडला. शंख एकदाच वाजला. कुरवांनी गोळ्याचा फडशा पाडला आणि लोकांनी जयजयकार केला.

धापूबाईनं घुंगट वर केला.

"महाराज, मागच्या इतवारी याच सवालाला तुम्ही न्हाई म्हणलं होतं. आमचे सेठजी एकदा सांगितलेल्या भावावरून कधी फिरले न्हाईत. मंग मेल्यावर कसे फिरले?"

महाराज म्हणाले, पितरांचं मन अथांग असतं.

"असंल. पण त्यांच्या पोटात मासा कसा गेला? बांधामागं बादली हाय. ज्याला वास सोसंल त्यानं जाऊन बघून यावं."

माणसं गेली. बादली पाहून आली, आणि आली तेव्हा कुणाच्या तोंडून माउली निघत नव्हतं. रांगेत निम्मी घरं माळकऱ्यांची आणि मारवाड्यांची. ज्याचा त्याचा शाकाहारी आजा त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. हरिओम शेतातून पळाला. महाराजांना पळता येईना, कारण अंगावर सोवळं होतं आणि ते धरायला दोन्ही हात लागत होते.

आता इथं गोष्ट संपवून टाळ्या घेता आल्या असत्या. पण परतीच्या रिक्षात मोना खदाखदा हसत होती आणि धापूबाई मांडीवरच्या रिकाम्या थाळीकडे बघत होती. मग ती बोलली.

"त्या मेल्यानं मला पयल्यांदा शेवंती का देली, ठाऊक हाय? मी त्याच्यापाशी रडले. म्हणले, ही गेली तर घर खायला उठंल, कायबी करून थांबली पाहिजे. सेठजी न्हाई म्हणले न्हाईत, मोना. पाखरूबी न्हाई म्हणलं न्हाई. मीच म्हणले."

बुवाची सगळी करामत एवढीच असते बघा. आपल्या मनातली भीती आपणच त्याला सांगतो, आणि तो ती देवाच्या नाहीतर पितरांच्या नावानं आपल्याला परत देतो. पाखरं पोटासाठी येतात, त्यांना त्यांच्या वाटेनं खाऊ द्या. शंख कुणी फुंकला तर बांधाच्या पलीकडेही एकदा जाऊन बघा. आणि घरातल्या माणसाला विचारायचं ते घरातच विचारा. उत्तर अवघड येईल, पण खरं येईल.

धापूबाईनं तेच केलं. "तुला जायचंय?"

"हो, दादी."

"मला करमायचं न्हाई."

"मलापण नाही करमणार."

धापूबाईनं तिचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. "बापाला आज मी सांगते," ती म्हणाली. "सेठजींचं नाव घेणार न्हाई. माझ्या तोंडानं सांगते."