बन्सीची फुकट गिरणी

आमच्या धाकट्या लेकीचं, दिपालीचं लग्न २०२२ च्या उन्हाळ्यात झालं. त्याच वर्षी दसऱ्याला बन्सीनं आमच्या पिठाच्या गिरणीसमोर स्वतःची गिरणी टाकली आणि गावाला दळण फुकट केलं.

बन्सी चाकणजवळच्या या गावचाच. जमीन कंपनीला गेली, आलेल्या पैशात त्यानं कामगारांना भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्या. आम्ही परभणीकडचे, पोट घेऊन आलेले. डिसेंबरात निवडणूक होती आणि बन्सीला सरपंच व्हायचं होतं.

नारळ फुटला. गर्दी बघून बन्सीला चेव चढला. खंडोबाचा भंडारा मुठीत घेऊन तो म्हणाला, "मी हाय तोवर ही गिरणी बंद न्हाई, आन् दळणाला पैसा न्हाई."

निवडणुकीपुरतं बोलला असता तर सुटला असता. भंडारा उचलून बोललेलं इकडं कुणी मोडत नाही, मोडलं तर लेकराबाळांवर येतं म्हणतात.

मी गर्दीतून विचारलं, "बन्सीभाऊ, मग आम्ही काय खायचं?"

"सुभद्रामावशी, तुमीबी आणा की दळण. तुमालाबी फुकट."

लोक हसले. हसणाऱ्यांत माझी रोजची गिऱ्हाइकं होती.

संक्रांतीपर्यंत आमची गिरणी भंगारात गेली. माझे मालक ज्योतीराम साठी उलटल्यावर एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. बन्सी सरपंच झाला.

गरिबाला पाणी, औषध, पीठ फुकट मिळावं असं मलाही वाटतं. पण देणाऱ्यानं स्वतःच्या अंगावर घेऊन द्यावं. बन्सीनं माझ्या पोटावर पाय देऊन दिलं होतं. मी ठरवलं, आता याला देतच ठेवायचं.

उन्हाळ्यात त्यानं गिरणीला कुलूप घातलं. मी गव्हाचा डबा घेऊन दारात बसले. खानावळवाल्या सुमनताईला बसवलं, तिच्यामागं खोल्यांतल्या बाया आल्या. बन्सी आला.

"मावशी, लाईटबिल झेपंना. थोडंफार घ्यावं लागंल आता."

"घ्या की. भंडारा तुम्ही उचललाय, मी नाही. हर्षालीला सातवा लागलाय ना?"

हर्षाली त्याची एकुलती एक लेक. त्यानं खिशातून किल्ली काढली.

पुढचं काम सोपं होतं. ज्याला त्याला मी सांगत सुटले. राजगुरुनगरचे हॉटेलवाले पोती घेऊन आले. रावेतच्या सोसायटीतल्या बाया गाडीतून डबे घेऊन उतरू लागल्या. पगार थकला तसा कामाला ठेवलेला माणूस निघून गेला आणि सरपंच स्वतः गिरणीवर उभा राहिला. पैसे देणारं गिऱ्हाईक जरा दबून बोलतं. इथं सगळेच मालक.

"ओ सरपंच, काल जाडं आलं पीठ."

"मिरच्या दळल्या काय आधी? आमची पोरं ठसकली की रात्रभर."

"मतं घेताना बरे हात चालत होते."

बन्सी खोकत खोकत दळायचा. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ. मी रोज जायचे. घरी पीठ शिल्लक असलं तरी जायचे.

दुसऱ्या वर्षी गणपतीनंतर तो आमच्या दारात आला. गिरणीचे दगड गुळगुळीत झाले होते. त्यांना छिन्नीनं टाके घालावे लागतात, तेव्हा पीठ बारीक पडतं. ते काम आमच्या मालकांना येत होतं.

"ज्योतीरामभाऊ, तेवढे टाके घाला. म्हणाल ते देतो."

मालक छिन्नी घ्यायला उठले. मी म्हणाले, "बसा. त्यांच्या गावात सगळं फुकट असतं. आपल्याला फुकट परवडत नाही आणि त्यांना विकत चालत नाही."

"सुभद्रे, पुरे आता," मालक म्हणाले.

"तुम्ही रात्रभर गेटवर उभे राहता. हा आला होता का तिथं स्टूल घेऊन?"

मालक बसले. बन्सी उंबऱ्यापाशीच टेकला. त्याला धाप लागली होती.

"मावशी, देवळात चला. गाव तुमच्या मागं हाय. समद्यांनी मिळून सोडलं तर माझी आण सुटती. डाक्तर म्हनतोय पिठात उभं ऱ्हाऊ नका."

मला बोलावं लागणार होतं ते एक वाक्य. बायांनी ऐकलं असतं, हेही मला ठाऊक होतं.

"दिवाळी होऊ द्या," मी म्हणाले. "बायांची भाजणी दळायची राहिलीय."

दाराची चौकट धरून तो उठला आणि गेला.

दिवाळीच्या तोंडावर रांग पार रस्त्यापर्यंत गेली. भाजणी, बेसन, अनारशाचे तांदूळ. दगड गुळगुळीतच होते, एकेक दळण त्याला दोनदा घालावं लागे. वसुबारसेला मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. बन्सीनं माझा डबा उचलला, वरच्या तोंडात ओतला आणि तिथंच गिरणीला टेकून खाली बसला. गिरणी चालूच होती. पीठ पडत राहिलं. कुणीतरी बटण बंद केलं, कुणी रिक्षा आणायला धावलं.

मी माझं पीठ डब्यात भरून घेतलं आणि घरी आले.

बन्सी २०२४ साली वसुबारसेच्या दुपारी, दवाखान्यात पोचायच्या आधी वारला.