रविवारचा ठराव

खोटं कशाला बोला, दर्शनाबाईंना आठवड्यात शुक्रवार सगळ्यात आवडायचा. शुक्रवारी शेवटच्या तासाला बालसभा. बाळकुमच्या त्या मराठी शाळेत तीन वर्षांपूर्वी त्या मुख्याध्यापिका होऊन आल्या, तेव्हा पोरं तोंडावर बोट ठेवून बसायची आणि काहीही विचारलं तरी 'हो बाई' म्हणायची. 'नाही बाई' म्हणणारं एक पोर सापडेना. बाईंचं डोकंच फिरलं. ही काय शाळा आहे की गोदाम, म्हणाल्या.

मग त्यांनी सभा सुरू केली. अध्यक्ष मुलांतलाच. मोठ्यांनाही एकच मत. कोणाचं तोंड बघून हात वर करायचा नाही. पहिले सहा महिने नुसता शुकशुकाट. पण बोललेलं खरंच घडतं हे एकदा पोरांना कळलं, मग काय विचारता! पहिलीतल्यांचे हात पोचत नव्हते म्हणून नळ खाली आले. खिचडी मुलंच वाढू लागली. साईनाथ सरांनी वर्गात फोनवर बोलू नये, हा ठराव तर एकमताने पास झाला आणि सर आठ दिवस फुगून बसले होते.

एक नियम मागाहून आला, तो मयूरमुळे. हा मयूर सातवीतला, महाबिलंदर. त्याने गेल्या वर्षी 'लहान मुलांसाठी' म्हणून क्रिकेटची खेळपट्टी मागितली. बाईंनी त्याला उभं केलं. "लहान मुलांसाठी की तुझ्यासाठी? खरं सांग." कान लाल करून तो म्हणाला, "माझ्यासाठी." त्याला ठराव मागेही घेऊ दिला नाही. मतदान झालं, ठराव पडला आणि भिंतीवर नियम लागला: ठराव मांडणाऱ्याने सांगायचं, हे कोणाला हवंय. यंदा हाच मयूर अध्यक्ष होता.

मतं मोजायचं काम पाचवीतल्या संचिताकडे. ही पोर दोन वर्षांत सभेत एक अक्षर बोलली नव्हती, म्हणून बाईंनीच तिला मोजणीला लावलेली. त्याला तोंड लागत नाही. ती रांगांतून फिरायची, वर केलेल्या प्रत्येक हाताला आपलं बोट लावायची, म्हणजे चुकायला नको, आणि आकडा फळ्यावर लिहायची. आज बोलेल, उद्या बोलेल, म्हणून बाई वाट बघत होत्या.

आता बाईंच्या घरचं सांगायला हवं. कोलशेतला सासरची भातशेती होती, तिथे आता टॉवर आहेत, आणि त्यातल्याच एकात अकराव्या मजल्यावर बाई राहतात. यजमान गोपीनाथ चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा नयन बंगळूरला. पूर्वी एका हाकेत चार जावा ओट्यावर येऊन बसायच्या. आता त्या चार इमारतींत दार लावून बसतात, आणि सख्ख्या जावेकडे जायला गेटवर नाव-नंबर कोण लिहीत बसणार? सोमवार ते शनिवार बाईंना कसली फिकीर नव्हती. रविवार मात्र खायला उठायचा. सकाळी नयनचा फोन, पाच-सहा मिनिटं. मग एका माणसाचा भात. मग दुपार, आणि ती मेली काही केल्या सरायची नाही. सोमवारी परिपाठाला आवाज घोगरा निघाला की त्यांना कळायचं, काल आपण नयननंतर कोणाशी बोललोच नाही.

म्हणून त्या शुक्रवारी बाईंनी स्वतः ठराव मांडला. "दर रविवारी दहा ते बारा शाळा उघडी ठेवावी. वाचन होईल, गोष्टी होतील. मी स्वतः येईन."

मयूरने घसा खाकरला. "बाई, हे कोणाला हवंय?"

"तुम्हालाच की! वाचन वाढेल तुमचं."

"पण आमच्यातल्या कोणी मागितलं?"

तेवढ्यात फळ्याजवळून बारीकसा आवाज आला, "मला नकोय."

संचिता. हातातला खडू तिने घट्ट धरलेला.

"माझे बाबा खोपट डेपोची एसटी चालवतात. सोमवारी गेलेले, अजून नाही आले. ते फक्त रविवारी घरी असतात. मी नाही येणार, बाई."

अगं बाई! बोलली! दोन वर्षं ज्या आवाजासाठी कान लावून बसल्या होत्या, तो आला. उठून तिला कडेवर घ्यावं, सगळ्या शाळेत नाचवावं असं बाईंना झालं. पण बोलली ती नेमकी आपल्याच ठरावावर.

"मग हे कोणाला हवंय, बाई?" मयूरने पुन्हा विचारलं. "खरं सांगा." त्यात आगाऊपणा नव्हता. त्याला जसं विचारलं होतं, तसंच तो विचारत होता.

"मला," बाई म्हणाल्या. "मला हवंय. रविवारी माझ्या घरी कोणी नसतं. मला करमत नाही रे."

कोणी हसलं नाही. मोठ्या माणसालाही करमत नाही, हे त्या साठ पोरांतल्या बऱ्याच जणांना आजच कळत होतं. मयूर हळूच म्हणाला, "मागे घ्यायचाय का, बाई?"

"तुला घेऊ दिला होता का मी? मतदान घे."

"ठरावाच्या बाजूने कोण?"

बाईंनी हात वर केला. साईनाथ सरांचा हात खिशातच राहिला. पुढच्या रांगेत दुसरीतला हर्षित बाईंकडे बघत होता. त्याचा हात हळूहळू वर जाऊ लागला. त्या एवढ्याशा हातासाठी बाईंचा जीव तुटला. एक जरी पोर आलं असतं तरी त्यांचा रविवार निघाला असता.

"हर्षित," त्या म्हणाल्या, "तुला यायचंय का रविवारी?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"मग हात खाली घे, बाळा."

संचिता मोजायला निघाली. नेहमीसारखी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत गेली, एकही रांग तिने गाळली नाही. बोट लावायला कुठे हातच नव्हता. शेवटी ती बाईंपाशी आली, चवड्यांवर उभी राहिली आणि खडूने माखलेलं आपलं बोट तिने बाईंच्या बोटाला टेकवलं. किती दिवसांत बाईंना कोणाचा हात लागला नव्हता.

"एक," संचिता मोठ्याने म्हणाली, आणि लिहायला फळ्याकडे गेली.