हळदीकुंकवातला होकार

तरसालीच्या त्या सोसायटीत अहल्याबाईंचा शब्द कधी खाली पडत नसे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला डॉक्टर निरुपमाबेन आल्या. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांसाठी एक नवी गोळी निघाली होती, ती काही बायकांना देऊन तिचा अभ्यास करायचा होता. तपासणी फुकट, औषध फुकट! पण गोळीचा त्रास काय होऊ शकतो हे त्या सांगू लागल्या, तशा अहल्याबाई कडाडल्या, "सवाष्णींच्यात वाईटसाईट बोलायचं नाही! आमच्या सगळ्या येतील. माझी सून नयनासुद्धा." तिळगूळ वाटला, विषय मिटला.

आज पहिली गोळी होती, आणि नयना सकाळपासून मोरीपाशी बसून राहिलेली.

"काय गं, तोंड का पांढरंफटक? नाक कापतेस का माझं चारचौघींत?"

"आई... माझे दिवस चुकलेत," नयना पुटपुटली. "पण तुम्ही सगळ्यांदेखत हो म्हणालात."

अहल्याबाईंनी हातातलं काम टाकलं. गेल्याच दिवाळीत पोरीचं पोट पडलं होतं! सुनेचा हात धरून त्या तशाच सोसायटीच्या हॉलात धावल्या. बायका पाण्याचे पेले घेऊन बसल्या होत्या.

"थांबा गं! कोणी काही गिळू नका!"

"गोळी अजून कोणालाच दिलेली नाही," निरुपमाबेन म्हणाल्या. "एकेकीला विचारतेय. जी ती म्हणते, अहल्याबाईंनी हो म्हटलंय ना!"

"मग धोका त्याच दिवशी नाही का सांगायचा?"

"तुम्ही बोलू कुठं दिलंत, अहल्याबाई? फायदा झाला तर उद्या पुष्कळ बायकांना होईल. त्रास झाला तर आज जी गोळी घेईल तिलाच. मग हो कोणी म्हणायचं?"

अहल्याबाई जमलेल्या बायकांकडे वळल्या. त्या म्हणाल्या, "माझा शब्द मी मागे घेतला. डॉक्टरबाई, वाईट ते आधी सांगा."

निरुपमाबेननी सांगितलं. मळमळेल, चक्कर येईल. पोटातल्या बाळाचं काय होईल ते अजून कोणालाच ठाऊक नाही, म्हणून गरोदर बाईला अभ्यासात घ्यायचंच नाही. आणि नको वाटलं तर मधेच सोडता येईल, कोणी जाब विचारणार नाही. बसलेल्या बायकांतली दुर्गा उठून घरी गेली. शेजारची मंदाकिनी खोदखोदून विचारून गोळी घ्यायला राजीखुशीनं थांबली.

"मी नाही घेणार," नयना सगळ्यांसमोर म्हणाली.

"नाही तर नाही! चल घरी, आधी चार घास खा."

आणि तुम्ही हसू नका! तुमच्याही घरात एक अहल्याबाई असेल. वडीलधाऱ्यांनी कुंकू लावावं, आशीर्वाद द्यावा. दुसऱ्याच्या अंगाचा होकार देऊ नये. औषधाचं वाईट ऐकल्यानं कोणाचं वाईट होत नाही, बायांनो. न ऐकल्यानं होतं!